बबड्याचा पाय आणि मिशीवाल्याची बाटली

गेले दोन विकांत इथे काही टाकलं नाही. "घोडं कुठे अडलं?" असं विचारणारे तीन-चार निरोप आले. मंडळी, खरं सांगतो, या वेळी घोडंच अडलं होतं. आणि ते अडायला कारण मी होतो. कसं ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही आणि गेल्या महिनाभरात मी जमवलेला इतिहास वाया जाईल.

तर थोडं नमन. तीन वर्षांपूर्वी माझ्या पाठीने संप पुकारला. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून कोड पाडणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. जिमचे वर्षाचे पैसे भरून घरी बसायचा प्रयोग मी आधी दोनदा यशस्वी करून दाखवला होता, त्यामुळे या वेळी काहीतरी वेगळं करावं म्हणून शनिवारी सकाळी घोडेस्वारी शिकायला जायला लागलो. पुण्याबाहेर एक लहानसं रायडिंग स्कूल आहे. तिथे माझ्या वाट्याला आला बबड्या.

बबड्या हा निवृत्त रेसचा घोडा. कागदावर त्याचं एक भलंमोठं इंग्रजी नाव आहे, पण ते बहुधा त्याला स्वतःलाही माहीत नसावं. वय वर्षं १७, म्हणजे माणसाच्या हिशोबात पन्नाशी ओलांडलेली. स्वभावाने सरकारी कार्यालयातल्या हेडक्लार्कसारखा. घाईचं काम सांगायचं नाही, पण रोजचं काम चोख. माझ्यासारख्या नवशिक्याला त्याने कधी पाडलं नाही, यात माझं कौतुक शून्य.

गेल्या हिवाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलं. सकाळी पागेतून बाहेर येताना आखडलेला असायचा. मागचा डावा पाय पूर्ण उचलायचा नाही, खुराचं टोक मातीत ओढत आणायचा. पंधरा-वीस मिनिटं चालला की मोकळा व्हायचा. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तो पाय वर उचलून, दुमडून मिनिटभर धरून ठेवला आणि सोडल्याबरोबर त्याला दुडकी धावायला लावलं. पहिली काही पावलं तो स्पष्ट लंगडला. मग एक्स-रे झाला. मागच्या पायाच्या मधल्या सांध्याला हॉक म्हणतात. हा एक सांधा नसून एकावर एक रचलेल्या बारक्या हाडांची चळत असते. तिच्यातल्या खालच्या दोन सांध्यांची झीज झाली होती. ऑस्टिओआर्थ्रायटिस. मराठीत संधिवात म्हणा. हिंदुस्थानीत या जागच्या दुखण्याला हड्डा असा नेमका शब्द आहे, यावरून ते किती जुनं आणि सर्रास आहे ते कळावं.

"बरं होणारं नाही, सांभाळायचं आहे," बाई म्हणाल्या. उड्या बंद, आधी भरपूर चालवायचं, नाल बदलायची, वजन वाढू द्यायचं नाही, आणि औषध त्या सांगतील तेव्हा आणि तेवढंच.

बाई गेल्यावर मामांनी एक बाटली काढली. मामा म्हणजे आमच्या पागेतले मोतद्दार. साठी उलटलेली, सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं. बाटलीवर लेबल नाही. हातावर थोडं ओतून त्यांनी बबड्याचा पाय चोळायला सुरुवात केली.

"मामा, काय असतं हो यात?"

"औषध असतंय."

"ते झालंच. पण कसलं?"

"पायाचं."

संवाद इथे संपला. पण त्या वासाने माझ्या डोक्यात काहीतरी हललं. टर्पेंटाइन, आणि मागून नाकात चढणारा तिखट काहीतरी. हा वास मला पाठ होता! आजोबांच्या कपाटात, पंचांगाशेजारी, एक चपटी बाटली असायची. तिच्यावर झुबकेदार मिशीवाल्या एका गोऱ्या माणसाचं चित्र. स्लोन्स लिनिमेंट. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या घरी ती असणार. आजोबांच्या गुडघ्याला आणि बबड्याच्या पायाला एकच वास कसा, या प्रश्नापायी मी हापिसातल्या बऱ्याच दुपारी (बॉस वाचत नसावा अशी आशा) सत्कारणी लावल्या.

उत्तर गमतीशीर आहे. मला वाटलं होतं माणसाचं औषध घोड्याला लावतात. इतिहास बरोबर उलटा निघाला.

पण आधी थोडं मागे जाऊ. घोड्याच्या औषधांचा विषय निघाला की आपल्याकडे शालिहोत्राचं नाव घ्यावंच लागतं. घोड्यांच्या वैद्यकाला त्याच्याच नावाने शालिहोत्र म्हणतात, आणि घोड्यांच्या वैद्याला जुन्या मराठीत सालोत्री. पांडवांतला नकुल घोड्यांचा जाणकार. विराटाच्या घरी अज्ञातवासात तो ग्रंथिक नावाने अश्वपाल झाला होता हे आठवत असेलच. त्याच्या नावावरही अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ आहे. जयदत्ताचा 'अश्ववैद्यक' वेगळा. शाहजहानच्या काळात शालिहोत्राचं फारसी भाषांतर झालं आणि १७८८ मध्ये कलकत्त्यात त्यावरून इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. या परंपरेत सांध्याचं दुखणं म्हणजे वाताचा प्रकोप. 'संधिवात' या शब्दातच अख्खी थिअरी भरलेली आहे बघा. मग उपायही माणसाचेच: तेल चोळा, शेका, लेप लावा.

ग्रीकांकडे झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोडा घेताना आधी पाय बघा, घराचा पाया कच्चा असेल तर वरच्या सजावटीला काय अर्थ, असा त्याचा मुद्दा. रोमन काळाच्या अखेरीस वेजेटियस नावाच्या लेखकाने जनावरांच्या वैद्यकावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात एक उपचार येतो जो पुढची दीड हजार वर्षं युरोपात ठाण मांडून बसला. डाग देणं. तापवलेल्या धातूने दुखऱ्या पायावर चक्क चटके.

हे वाचून शहारे येत असतील तर जरा थांबा. आपल्याकडेही बैलांना डाग देत, आणि माणसांनाही. बिब्ब्याचा चटका हा त्याचाच घरगुती भाऊ. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतो, आणि 'आतलं दुखणं बाहेर पडतं' अशी समजूत. युरोपात हेच काम स्पॅनिश माशीची पूड करायची. माशी म्हणतात, पण हा असतो एक हिरवा भुंगेरा, ज्याच्यामुळे कातडीवर टरारून फोड येतात. दुसरं एक लाल मलम असायचं, पाऱ्याचं आयोडाइड. ते लावून घोड्याच्या गळ्यात लाकडी पट्ट्यांचा हार बांधत, कारण आग इतकी व्हायची की तो स्वतःचा पाय चावून काढेल.

हे अडाणी लोकांचं काम होतं असं समजू नका. १७६१ मध्ये क्लोद बुर्जेला याने फ्रान्समधल्या लियाँला जगातली पहिली पशुवैद्यक शाळा मंजूर करून घेतली, १७९१ मध्ये लंडनला कॉलेज निघालं, तरी डाग आणि फोड अभ्यासक्रमात टिकून राहिले. त्यामागे तर्कही होता. जुनं, रेंगाळलेलं दुखणं शरीर विसरून जातं. त्या जागी नवी, तीव्र सूज आणली की शरीर पुन्हा दुरुस्तीला लागतं. ऐकायला पटतं. म्हणजे लटकलेला प्रोसेस मारून पुन्हा सुरू करायचा :)

आता कळीचा मुद्दा. घोडे बरे व्हायचे का? बरेचसे व्हायचे! का? तर डाग दिलेल्या घोड्यावर बसता येत नसे. त्याला कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने कुरणात सोडून द्यावं लागे. हॉकच्या खालच्या सांध्यांची एक खासियत आहे. ते फारसे हलतच नाहीत, आणि झिजता झिजता काही घोड्यांत ती हाडं आपोआप एकमेकांना जुळून जातात. जुळली की दुखणं कमी होतं. म्हणजे वेळ आणि आराम आपलं काम करत होते, आणि श्रेय तापलेल्या सळईला जात होतं. हे नीट तपासायला १९८३ साल उजाडावं लागलं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी घोड्यांच्या पायांच्या शिरांवर (सांध्यांवर नव्हे, पण तर्क तोच) प्रयोग करून दाखवलं की डाग दिल्याने जखम भरायला काहीही मदत होत नाही. मग १९९१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने ही पद्धत अनैतिक ठरवली. १९९१! आपल्याकडे उदारीकरण आलं ते साल.

थोडक्यात काय, डाग म्हणजे घोड्याची सक्तीची वैद्यकीय रजा होती. क्रूर, पण रजा.

आता एकोणिसाव्या शतकात या. शहरं वाढली आणि शहरं घोड्यांवर चालायला लागली. आपल्या मुंबईतच बघा. १८७४ मध्ये कुलाब्याहून घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते असं सांगतात. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये आल्या. मधली तीस-एक वर्षं त्या दगडी रस्त्यांवर, त्या दमट उन्हात, मुंबईकरांना ओढत होते ते घोडे. जनावरांवरचे अत्याचार रोखणारी मुंबईची संस्थाही त्याच १८७४ सालची, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ झालं, आणि १८८६ मध्ये तिथेच बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं.

लंडनमध्ये तर बस आणि ट्रामचे घोडे चार-पाच वर्षांत निकामी व्हायचे. असा घोडा महिनाभर कुरणात पाठवायचा म्हणजे धंदा बसला. बाजाराला आता रजा न देणारं औषध हवं होतं. आणि बाजाराला हवं ते कुणीतरी बाटलीत भरतोच.

इंग्लंडमधल्या स्लाव गावात जेम्स एलिमन नावाचा कापडदुकानदार होता. १८४७ च्या सुमारास त्याने अंडी, व्हिनेगर आणि टर्पेंटाइन घोटून एक पांढरं मिश्रण बनवलं. (अंडी आणि व्हिनेगर? हो, हे टर्पेंटाइन घातलेलं मेयोनेझच झालं.) पुढे त्याचे दोन प्रकार विकले जायचे. माणसांसाठी 'युनिव्हर्सल' आणि जनावरांसाठी 'रॉयल'. घोड्याला रॉयल, माणसाला नुसतंच युनिव्हर्सल. काळाचा अग्रक्रम कळतो.

अमेरिकेत विल्बर यंग हा माणूस घोडागाडीतून पियानो पोचवायचा. त्याची बायको मेरी आयडा जडीबुटीची जाणकार. पियानो ओढून घोड्यांचे पाय आखडायचे आणि प्रचलित उपाय एकच, फोड आणणारं मलम. म्हणजे घोडा घरी, धंदा बंद. १८९२ मध्ये दोघांनी मिळून फोड न आणणारं एक चोळायचं औषध बनवलं, ॲब्सॉर्बिन. ते आजही मिळतं. त्याचा मोठा गुण काय? घोडा कामावर राहतो! हा गुण आहे की दोष, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडण्याचं कारण नव्हतं.

आणि आमचा मिशीवाला? अर्ल स्लोन. जन्म १८४८, ओहायोचा. वडील घोड्यांचं साज-सामान शिवायचे आणि स्वतःच शिकून घोड्यांवर उपचारही करायचे. त्यांचं घोड्याला लावायचं औषध मुलांनी विकायला घेतलं. मग कुणीतरी ते स्वतःच्या पाठीला लावून बघितलं असणार, आणि तिथून ते माणसांचं झालं. म्हणजे आजोबा ज्या बाटलीतलं चार थेंब जपून गुडघ्याला लावायचे, ते मूळचं घोड्याचं औषध. हे आजोबांना कळतं तर ते खूश झाले असते. "तरीच गुण येतोय," म्हणाले असते.

या सगळ्या बाटल्यांत थोड्याफार फरकाने तेच ते असायचं. टर्पेंटाइन, कापूर, मेंथॉल आणि मिरची. १९१६ मध्ये अमेरिकेत क्लार्क स्टॅनली नावाच्या गृहस्थाचं प्रसिद्ध सापाचं तेल सरकारने तपासलं. साप नव्हताच. खनिज तेल, थोडी गुरांची चरबी, मिरची, आणि बहुधा कापूर व टर्पेंटाइन. त्याला २० डॉलर दंड झाला आणि 'सापाचं तेल' हा इंग्रजीत फसवणुकीला पर्यायी शब्द झाला. गंमत अशी की बाटलीवर साप लिहिला नसता तर ते दुकानातल्या बाकीच्या बाटल्यांसारखंच होतं.

मग हे सगळं थोतांडच का? नाही. इथे विज्ञान जरा उशिरा पोचलं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत एक दार असतं, आणि चोळणं-दाबणं अशा दुसऱ्या संवेदनांनी ते थोडंफार लोटता येतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेने मिरचीतलं कॅप्सेसिन नसेतल्या कुठल्या प्रथिनावर बसतं ते शोधलं. तेच प्रथिन चटका बसल्याचंही सांगतं. म्हणून मिरची 'गरम' लागते. २०२१ चं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. आणि कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा लावलं की ती नस बधिर होत जाते. म्हणजे मामांच्या बाटलीत दम आहे. पण दम कसला आहे ते नीट ऐका. सांध्याची झीज तिने भरून येत नाही, फक्त झिजल्याची बातमी मेंदूपर्यंत कमी पोचते.

आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दुरुस्त होत नाही, लॉग बंद होतो.

आणि लॉग बंद करणं किती मोहाचं असतं हे घोड्यांच्या जगाने वारंवार दाखवलंय. १९६८ च्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज पहिला आला. त्याचे घोटे दुखरे होते. शर्यतीनंतर लघवीत फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सापडलं आणि त्याचा पहिला नंबर गेला. मग २००८ चं बीजिंग ऑलिंपिक. घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला होत्या. तिथे उड्यांच्या स्पर्धेतल्या चार घोड्यांच्या अंगात कॅप्सेसिन सापडलं. हो, मिरची! त्यात नॉर्वेचा कामिरो होता, आणि त्यापायी नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक गेलं, ते स्वित्झर्लंडला मिळालं. यात दुहेरी भानगड अशी की मिरची वेदना मारते म्हणून बंदी, आणि ताजी लावली तर कातडी इतकी हुळहुळी होते की उडी मारताना अडथळ्याच्या दांडीला पाय लागला तर झोंबतं आणि घोडा भीतीने पाय आणखी वर घेतो, म्हणूनही बंदी. चोळायच्या औषधाचा चाबूक करता येतो तो असा.

२०२१ मध्ये पुन्हा केंटकी डर्बी. मेडिना स्पिरिट जिंकला आणि रक्तात बीटामेथासोन सापडलं. हे सहसा सांध्यात टोचतात. त्याच्या बाजूचं म्हणणं पडलं की टोचलं नव्हतं, कातडीवरच्या पुरळासाठी मलम लावलं होतं. पुढच्या तपासणीत मलमातलंच रूप सापडलं. तरी २०२२ मध्ये विजय काढून घेतला गेला. मार्ग कुठलाही असो, शर्यतीच्या दिवशी ते अंगात नको, हा नियम. 'नुसतं वरून तर लावलं' ही सबब चालली नाही.

ही सबब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वरून लावलेलं आत जातं की नाही, हा सगळ्या प्रकरणातला खरा तांत्रिक प्रश्न. टर्पेंटाइनवाल्यांना त्याची फिकीर नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये स्टॅनली जेकब यांनी डीएमएसओ या द्रवावर काम सुरू केलं. लाकडाच्या लगद्याच्या उद्योगाशी नातं असलेलं हे रसायन कातडीतून इतक्या झपाट्याने आत जातं की हाताला लावलं तर थोड्या वेळात तोंडात लसणाची चव येते. प्रयोगातल्या जनावरांच्या डोळ्यांच्या भिंगात बदल दिसले म्हणून १९६५ मध्ये माणसांवरच्या चाचण्या थांबल्या, पण घोड्यांच्या मुका मार लागून आलेल्या सुजेसाठी ते १९७० मध्ये मंजूर झालं. पुन्हा तोच क्रम, आधी घोडा.

मग आलं डायक्लोफेनॅक. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीने बाजारात आणलेलं हे वेदनाशामक. तुमच्या ड्रॉवरमध्ये त्याची एखादी ट्यूब नक्की असेल. २००४ मध्ये अमेरिकेत घोड्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी १ टक्का डायक्लोफेनॅकचं, लिपोसोम म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेलं क्रीम मंजूर झालं. पाच इंचांची पट्टी, दिवसातून दोनदा, हातमोजे घालून, आणि जास्तीत जास्त १० दिवस. दोन हजार वर्षांच्या तेल-लेप-मिरचीनंतर, मोजून-मापून, चाचण्या करून, नेमक्या सांध्यांसाठी मंजूर झालेलं मलम. सुखांत, नाही?

पण त्याच २००४ मध्ये, अगदी जानेवारीत, 'नेचर'मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासाचा एक निबंध आला. भारतीय उपखंडातली गिधाडं का मरताहेत त्याचं उत्तर त्यात होतं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची आणि पोटातल्या अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे थर जमायचे. या रोगाला गाउट म्हणतात. माणसांत तोच सांध्यांत होतो. सांधेदुखीवरच्या औषधाने पक्षी गाउटने मरत होते, यापेक्षा कडवट विनोद मला माहीत नाही. १९९० च्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. मुंबईत डुंगरवाडीला पारशी समाजाच्या अंत्यविधीची सगळी व्यवस्थाच कोलमडली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणायला सुरुवात केली, २००८ मध्ये ती आणखी कडक केली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम होतं, जे गिधाडांना चालतं.

आता माझी गोष्ट.

मला माउस धरून मनगटाचा त्रास आहे आणि माझ्या बॅगेत कायम एक जेलची ट्यूब असते. कुठली ते ओळखलं असेलच. डॉक्टरीणबाई येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी, बबड्याची दया येऊन, मी ती ट्यूब त्याच्या सांध्याला चोळली. पुढच्या शनिवारी तीन ट्यूबा नेल्या आणि मामांना म्हटलं, रोज लावा. मामा म्हणाले, "बाईंना विचारलं का सर?" मी म्हटलं, "अहो मामा, नुसतं वरून तर लावायचंय."

दहा दिवसांत बबड्या सुधारला. मी इतका खूश झालो की विचारू नका. स्कूलची छोटी स्पर्धा होती, दीड-दोन फुटांच्या उड्या. पुन्हा सराव सुरू केला, बाईंनी बंद सांगितलेल्या उड्या. तीन विकांत. तिसऱ्या रविवारी एका उडीनंतर तो थांबला. ओरडला नाही, उधळला नाही. घोडे ओरडत नाहीत. मागचा डावा पाय नुसता टोकावर टेकवून उभा राहिला आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मामांनी येऊन खोगीर उतरवलं. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई मात्र बोलल्या. जनावरांना द्यायला जे औषध या देशात बंद आहे ते तुम्ही लावलंत, ही एक गोष्ट. तो ते चाटू शकला असता, ही दुसरी. तिसरी जास्त लागली. "जेलमुळे किती गुण आला आणि थंडी सरल्यामुळे किती, ते मलाही सांगता येणार नाही. पण तुम्ही त्याला बरं वाटायला लावलंत की तुम्हाला बसता यावं म्हणून लावलंत, ते तुमचं तुम्हाला माहीत."

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे घोडेस्वार असत हे शाळेत वाचलं होतं. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार घोड्याला जपायचा, कारण घोडा गेला तर त्याची रोजीरोटी गेली. मी बारगीर. भाड्याची बाईक खड्ड्यातून आपण कशी मारतो, तसा मी बबड्यावर बसलो होतो. आणि पियानोवाला यंग, ट्रामवाली कंपनी आणि डर्बीतली माणसं यांना नावं ठेवत इतिहास वाचत होतो! त्यांच्यात आणि माझ्यात फरक इतकाच की त्यांना निदान धंदा चालवायचा होता. मला प्लास्टिकचा कप हवा होता.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी किती जण ताप असताना गोळी घेऊन लॉगिन करता? मी करतो. आपणही स्वतःला तसंच वागवतो. फरक असा की आपली गोळी आपण घेतो. बबड्याला कुणी विचारलं नव्हतं.

असो. सध्याची स्थिती अशी. दोन आठवडे पूर्ण आराम झाला. एक्स-रेमध्ये नवीन मोडतोड नाही, हे माझं नशीब. बाईंनी औषध ठरवून दिलंय, मोजून, तारखा लिहून. कालपासून रोज अर्धा तास नुसतं चालवायचं आहे, पाठीवर कुणी नाही. झिजलेल्या सांध्याला पूर्ण विश्रांतीही मानवत नाही, मऊ जमिनीवरची हलकी, नियमित चाल लागते. शनिवार-रविवार ते काम माझ्याकडे आहे. मी लगाम धरून पुढे, तो मागून. गंमत म्हणजे माझ्या पाठीलाही त्याने बरं वाटतंय.

चालून झालं की मामा ती लेबल नसलेली बाटली काढतात. बाईंनी तिला परवानगी दिली आहे, कातडी तपासून आणि जपून लावायच्या अटीवर. काल मी म्हटलं, "मामा, आज मी चोळू का?"

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि बाटली दिली. "हळू चोळा," म्हणाले. "आणि चोळताना त्याच्या कानांकडं बघा. दुखलं तर तिथं कळतंय."

मी इतकी वर्षं त्याच्या पाठीवर बसून त्याचे कानच तर बघत होतो. पण ते कशासाठी बघायचे ते काल कळलं.